धक्क्यावरची पाटी

शिरपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्या गावाचा तलाव आहे. त्याच्या मधोमध टेकाडावर देवीचं देऊळ. आम्ही नवरा-बायको लोकांना लाकडी नावेतून तिथं न्यायचो. नव्वद सालानंतर तलाव पर्यटनस्थळ झाला. तालुक्याच्या एका ठेकेदाराला सरकारी अनुदानातून मोटारबोटी मिळाल्या, सिमेंटचा धक्का बांधला गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात तिथं पाटी लागली: ‘खाजगी नावांस मनाई.’

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "अक्का, घाट आते सरकारना शे. नाव काढी ल्या."

नवऱ्यानं नाव ओढून बाभळीखाली उलटी घातली. तेव्हापासून तो बोलेनासा झाला. जेवायला बसायचा आणि भाकरी तशीच ठेवून उठायचा. मला त्याच्याच जिवाची धास्ती वाटू लागली.

शेवटी मी अर्ज लिहून घेतला आणि एसटीनं धुळ्याला कलेक्टर कचेरीत गेले. कचेरीच्या बाकावर बसल्यावर एकदम लक्षात आलं, आमच्याकडे तरी परवाना कुठंय? तक्रार करायची आणि आपणच सापडायचं! दोनदा उठून दारापर्यंत आले.

तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून नेमकं तेच विचारलं. "परवाना आहे?"

"नाही साहेब. कुणी कधी मागितलाच नाही."

त्यांनी कपाटातून ठेकेदाराच्या अनुदानाचा आदेश काढला. बराच वेळ वाचला.

"अनुदान बोटींना आणि धक्क्याला दिलंय," ते म्हणाले. "तलाव कुणाला दिलेला नाही. ही पाटी चालायची नाही. पण बाई, तुमची नावही तपासावी लागेल. नापास झाली तर बंद."

तपासणीच्या आदल्या दिवशी नवऱ्यानं फटींत डांबर भरलं. साहेब नावेत बसले तेव्हा मी काठावर उभी होते. नजर फक्त तळाच्या फळीवर. टेकाडापर्यंत जाऊन नाव परत आली. साहेबांचे बूट कोरडे होते.

परवाना मिळाला, पण एका फेरीत पूर्वीच्या निम्मीच माणसं बसवण्याचा. पाटी उतरली. पुढच्या रविवारी बहुतेक लोक मोटारबोटीकडेच गेले. आमच्याकडे एक म्हातारं जोडपं आलं. त्यांना मोटारीच्या आवाजाची भीती वाटत होती. नवऱ्यानं वल्हं उचललं आणि कितीतरी दिवसांनी मला हाक मारली, "दोर सोड ना!"