पहिली धार राखणदाराची

पोलिसाच्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे विसरलो, पण लाटंबार्शे गावातले ते प्रकरण अजून मनातून जात नाही.

गोवा घटक राज्य झाल्यानंतरचा काजूचा पहिलाच हंगाम. मी डिचोली ठाण्यात होतो. दुपारी आरोग्य केंद्रातून निरोप आला की, डोक्याला जबर मार लागून एक तरुण बेशुद्ध आहे. थोरला भाऊ सांगतो, काजूच्या झाडावरून पडला.

आमचा हवालदार त्याच भागातला. तो म्हणाला, "साहेब, काजीचे बोंडू खाली पडले की येचतत. झाडार कोण चडता?"

त्या भावांच्या काजूच्या दारूच्या भट्टीवर जाऊन पंचनामा केला. जळणातल्या एका लाकडाला रक्त होते. थोरल्याला ताब्यात घेतले. दोन तास त्याचे एकच उत्तर, "माजो भाव पडलो, साहेब." मी दरडावले, टेबलावर हात आपटला. आवाज चढवला की माणूस बोलतो, अशी तेव्हा माझी समजूत होती. तो उलट अधिकच घट्ट झाला.

मग त्याच्या बायकोचा जबाब घेतला. "गेल्या वर्सा आमचां चेडू काजी येचताना साप चावान गेलां. तेवांपासून मी रडतंय, हे लाकडां फोडतत. कोण हसलो तरी अंगार धावतत."

मी परत येऊन त्याच्यासमोर बसलो. हळू विचारले, "मुलीचे नाव काय होते?"

तो बोलू लागला. हंगामाची हुर्राक दारू गाळताना पहिली धार राखणदाराला, म्हणजे रानाच्या रक्षक देवाला द्यायची रीत आहे. "गेल्या वर्सा ती दिवक मीच इसारलंय. म्हणान चेडू गेलां." बायकोलाही त्याने हे सांगितले नव्हते. आज धाकट्याने ती धार थट्टेत आधी स्वतःच्याच तोंडाला लावली. वर्षभर स्वतःवर धरलेला राग त्याने भावाच्या डोक्यात घातला.

इतक्यात निरोप आला, धाकटा गेला. मध्ये क्षणभर शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टरांना म्हणाला होता, "मीच पडलंय."

ते ऐकून थोरला गुडघ्यांत डोके घालून रडू लागला. आणि मी ठाण्याच्या सवयीने म्हणालो, "पुरे. गप्प हो."

तो लगेच गप्प झाला.

गुन्ह्याच्या कारणापुढे मी 'क्षणिक राग' असे लिहिले. ते खरे नव्हते. रागीट माणसाला आपण राग आवरायला सांगतो, पण त्याआधी त्याने काय काय आवरून धरले आहे, ते विचारत नाही. पुढे खटला चालला, शिक्षा झाली. त्याला पुन्हा रडताना मी पाहिले नाही. ते रडणे मी थांबवले, याचे मला फार वाईट वाटते.