एकदाच बनवलेला साचा

म्हैसूरच्या आमच्या सॉफ्टवेअरच्या कचेरीत नागवेणीअक्कांइतकं संशयी माणूस दुसरं नाही. कॅन्टीनवाला सांबारात पाणी घालतो, हे त्याच्या तोंडावर सांगतील आणि वर आणखी दोन वाट्या मागून घेतील. नवरा गेल्यावर दोन मुली एकटीने वाढवल्या, त्या याच स्वभावावर. प्रोग्राम तपासावा तोही अक्कांनीच.

एके सकाळी दवाखान्यातून फोन आला. नोंदणीच्या खिडकीवर आमचा प्रोग्राम एका पेशंटचा कार्ड नंबर घेत होता आणि पुढच्याचा चांगला बरोबर नंबर नाकारत होता. रांगेतली म्हातारी माणसं शिव्या घालत होती.

"धनंजयाचं काम हे," अक्का लगेच म्हणाल्या. तो भाग त्यानेच लिहिलेला, आणि त्याच आठवड्यात तो दुसऱ्या कंपनीत चालला होता. "जाता जाता पाचर मारून ठेवलीय मेल्याने."

"अक्का, देवाशपथ, मी काही केलं नाही हो!"

"तर तर! देव येणारे साक्षीला?"

आमचे मालक शेषगिरी सर कानाचे हलके. नोकरी सोडल्याचं पत्र देणार नाही म्हणाले. त्या पत्राशिवाय नवी कंपनी त्याला दारात उभं करणार नव्हती. धनंजय रडकुंडीला आला. मला तर अक्कांचा असा राग आला म्हणता!

गुन्हा सिद्ध करायला अक्का त्याचा प्रोग्राम उघडून बसल्या. मीही मुद्दाम शेजारी बसलो. नंबर कसा दिसावा, आधी अक्षरं, मग आकडे, याचा एक साचा प्रोग्रामात असतो. नंबर त्यात बसतो का, ते बघायचं. पूर्वी हा साचा दर नंबराला नवा बनायचा. आता वेळ वाचवायला तो एकदाच बनवून वर, प्रोग्रामाच्या सुरुवातीला ठेवला होता. अक्कांनी एकच नंबर पुन्हा पुन्हा घातला. बरोबर. चूक. बरोबर. चूक.

"अगं बाई!"

साच्यावर 'सगळे शोध' अशी खूण होती. तशा खुणेचा साचा मागे कुठे थांबलो ते लक्षात ठेवतो आणि पुढचा नंबर तिथूनच वाचायला लागतो. तिथे वाचायला काही उरलेलं नसतं, म्हणून तो नंबर नाकारतो आणि त्याच्या पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दर वेळी नवा बनायचा तेव्हा त्याला आठवायला काही नव्हतं, म्हणून ती खूण आजवर कुणाला नडली नव्हती.

"पण वर ठेवायला कुणी सांगितलं?" मी विचारलं. ते सगळ्या कचेरीने ऐकलं होतं. अक्काच खेकसल्या होत्या त्याच्यावर, "दर वेळी नवा कशाला रे? एकदाच बनव आणि वर ठेव!"

अक्कांनी जाऊन सरांना सांगितलं तर ते हळूच म्हणाले, "राहू दे ना त्याच्याच नावावर. तसाही चाललाय तो."

"आज माझी चूक त्याच्या नावावर, उद्या तुमची माझ्या नावावर खपवाल! सही करा आधी." सही होईपर्यंत अक्का टेबलासमोरून हलल्या नाहीत.

पत्र त्यांनी स्वतः नेऊन दिलं. "चुकलं रे माझं, धनंजया."

त्याने ते वरपासून खालपर्यंत वाचलं, मागची बाजूही पाहिली. "काही घुसडलं नाही ना यात, अक्का? आधी वकिलाला दाखवतो."

अक्कांचे डोळे भरून आले. "दाखव बाबा," त्या म्हणाल्या. "दाखवच."