हिच्या मापाची रायफल

जांबोटीच्या परशरामनं आयुष्यातली पहिली बंदूक घ्यायला मला बरोबर नेलं, कारण त्याचा परवाना मीच काढून दिला होता. मी टिळकवाडीत वकिली करतो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण परशरामला नाही म्हणणं अवघड. तो आग्रह करत नाही. नुसता समोर बसून राहतो, आणि शेवटी आपणच उठून चप्पल घालतो.

परवाना पिकाच्या राखणीसाठी होता. भात पिकायला लागलं की त्याच्या शिवारात गवे उतरतात. परशराम बेळगावात कारखान्यात शिफ्टला, त्यामुळं राखण बायको करायची, डबा बडवून. गेल्या सुगीत गव्यानं तिला बांधावरच शिंगावर घेतलं. जागीच गेली. त्यावर परशराम माझ्यापाशी एवढंच बोलला, की अर्जात काय लिहायचं ते तुम्हीच लिहा. रडला नाही. दिवस घालून झाले आणि कामावर हजर. मला त्याचा रागच यायचा. माणूस आहे की धोंडा?

दुकानदार रविराज बोलघेवडा. त्यानं आधी दुनळी बंदूक काढली. हिचा बार ऐकला की गवे थांबायचे नाहीत, म्हणाला. परशरामनं ती उचलली आणि जड आहे म्हणून खाली ठेवली. धक्का किती बसतो ते विचारलं. नवख्याचा खांदा चांगलाच दुखतो, हे रविराजनं हसत कबूल केलं. मग त्यानं पॉइंट टू-टूची रायफल काढली. देशी बनावटीची, हलकी, धक्का जवळजवळ नाहीच, काडतुसंही स्वस्त. पण आवाज अगदीच बेताचा, गवा मान वर करून बघेल आणि पुन्हा चरायला लागेल, हेही त्यानं सांगून टाकलं. मीही दुनळीच घे म्हणालो.

परशरामचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. रायफल तो स्वतःच्या खांद्याला लावेना. खांद्याच्या बरीच खाली, हवेतच आडवी धरून बघत होता.

"हिला जरा लांब पडंल," तो म्हणाला. "हिचा हात आखूड हाय."

आमच्याकडं बायकोला 'ही' म्हणतात. नाव घ्यायचं ते लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दारात अडवल्यावर. रविराजला वाटलं, गडी हौसेनं बायकोसाठी घेतोय.

"मग वहिनीस्नी घेऊन या की," तो म्हणाला. "खांद्याला लावून बघू आणि मागचा लाकडी दस्ता कापून देऊ. परवान्यावर त्यांचंबी नाव घालून घ्या. नाव काय वहिनींचं?"

मी खाकरलो. रविराजला डोळ्यांनी खुणावलं, पण तो परशरामकडंच बघत होता.

"मंगल," परशराम म्हणाला.

थोडा थांबला आणि पुन्हा म्हणाला, "मंगल." या वेळी मोठ्यानं, लांबच्या बांधावरल्या माणसाला हाक मारावी तसं. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. कुणी ओ देईल म्हणून तो खरंच थांबलाय असं मला वाटलं, आणि मीही दाराकडं बघितलं.

त्याच्या चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. त्यानं रायफल काउंटरवर ठेवली, आपला हात शेजारी लांब केला आणि मनगटाच्या बऱ्याच अलीकडं बोट टेकवलं.

"हितवर यायचा तिचा हात," तो म्हणाला. "कापा."