खालिदभाईंची हकिमी

खालिदभाईंना गर्व चढलाय, हे आधी कोपऱ्यावरच्या पानवाल्याने जाहीर केलं. सलाम केला तरी माणूस सरळ पुढे निघून जातो, म्हणजे गर्वच की! मग कुणीतरी जोड दिली की मानकोली गावातली जमीन गोदामाला देऊन पैसा आला, तेव्हापासून मान ताठ झाली. जमीन खरं तर त्यांच्या चुलत्याची. पण एवढ्या तपशिलात गल्ली कशाला शिरते? तिला कारण मिळाल्याशी मतलब.

खरी गोष्ट अशी की सलाम त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. सगळी उमर भिवंडीच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खटखटीत उभं राहून कान गेले होते. एका दिवसात नव्हे. आधी चिमण्या गप्प झाल्या, मग दाराची बेल, मग बायकांचे बारीक आवाज. आता कुणी समोर बसून सावकाश बोललं तर ओठांवरून निम्मंअर्धं कळायचं. बाकी वेळ ते मान हलवायचे आणि चारजण हसले की हसायचे. एकदा तर मय्यतीच्या घरी भलत्याच जागी 'माशाल्ला' म्हणून बसले. तीही भर गर्वाच्याच खात्यात पडली.

आणि हे त्यांनी कुणालाही कळू दिलं नव्हतं. खुर्शीदला, म्हणजे बायकोलाही नाही. कारण त्यांनी आपल्या बापाचं पाहिलं होतं. मोहिउद्दीनशेठ म्हातारपणी बहिरे झाले आणि घरातून अलगद वजा झाले. चहा वेळेवर, कपडे धुतलेले, सगळं होतं. पण धाकट्या लेकीचं लग्न ठरल्याची खबर त्यांना मिठाईच्या खोक्याबरोबर मिळाली. "त्यांना काय विचारायचं? ओरडून ओरडून घसा बसतो," असं तेव्हा म्हणणारे दुसरे कुणी नव्हते, खालिदभाईच होते. म्हणून आता ते गर्विष्ठ म्हणवून घ्यायला तयार होते, बहिरे म्हणवून घ्यायला नव्हते.

अशा माणसाच्या हातात हफसाने टॅबलेट दिला. हफसा त्यांची एकुलती लेक, घरी बसून कंपनीचं काम करणारी. रविवारी दुपारी ती कॉलेजच्या दोस्तांबरोबर, केदार आणि अदितीबरोबर, एक ऑनलाइन गेम खेळायची. राक्षस, किल्ले, जादू, सगळा मसाला. टोळीत चौघं लागायचे आणि चौथी मैत्रीण लग्न होऊन कतारला गेली होती.

खालिदभाई एक रविवार तिच्या मागे उभे राहून नुसते बघत राहिले. तलवारवाला, तिरंदाज, जादूगार, सगळ्यांना कानात हाका याव्या लागत, मागे हट, आता मार. चौथा होता तो हीलर. तो कुणाला मारत नाही, पडणाऱ्यात जीव भरतो. त्याला काही ऐकावं लागत नाही. पडद्याच्या कडेला चौघांच्या जिवाच्या हिरव्या पट्ट्या असतात. ज्याची आखडली, त्याच्यावर बोट ठेवायचं.

"मी हा होणार," ते म्हणाले.

खुर्शीद दारातून म्हणाली, "घरात कुणाला ताप आला तर गोळी कुठल्या डब्यात ते ठाऊक नाय, आणि तिकडे जाऊन हकीम!" सुदैवाने त्यांची तिच्याकडे पाठ होती.

पण हकीम झाले ते झालेच, आणि चांगले झाले. हेडफोनमध्ये शिशीत अडकलेल्या माशीसारखं काहीतरी गुणगुणायचं, तेवढंच. डोळे मात्र पट्ट्यांवरून हलायचे नाहीत. एकदा केदारने पडद्यावर लिहिलं, 'काका, तुम्ही आहात म्हणून आम्ही जिवंत आहोत.' खालिदभाईंनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. बऱ्याच दिवसांनी ते अशा ठिकाणी बसले होते, जिथे अंदाजाने मान हलवावी लागत नव्हती.

मग दगडी राक्षसाचा रविवार आला. त्याआधी तिघांनी बोलून डाव ठरवला. हफसाने राक्षसाला अंगावर घ्यायचं, ती पडली तर पडू द्यायचं, अब्बांनी सगळी ताकद केदार आणि अदितीसाठी राखायची. हे सगळं बोलणं हेडफोनमधल्या माशीने खाल्लं. खालिदभाईंना दिसली ती एवढीच गोष्ट, की लेकीची पट्टी झरझर संपतेय. त्यांनी होतं नव्हतं ते तिच्यावर ओतलं. केदार पडला, अदिती पडली, आणि ओतायला काही उरलं नाही तेव्हा हफसाही पडली. पडदा करडा झाला.

केदारने लिहिलं, 'काका, बापाचं काळीज! लेकीला पडू देईनात.'

खालिदभाईंना हायसं वाटलं. आयतं कारण मिळालं. त्यांनी लिहिलं, 'हो रे, काय करणार.'

तेवढ्यात खाली दुसरी ओळ आली, फक्त त्यांच्यासाठी. आतल्या खोलीतून हफसाने लिहिलं होतं. तोंडावर बोलता येणार नाही असं लिहून मोकळी झाली होती.

'अब्बा, किती ओरडले मी, मला सोडा म्हणून. तुम्हाला वाटतं मी तुमच्याशिवाय टिकणारच नाही. पुण्याच्या नोकरीचंही तेच. त्या दिवशी जेवताना विचारलं, तर तुम्ही माशाचे काटे काढत बसलात, मान वर केली नाहीत. समजले मी. उद्या त्यांना नाही कळवते. परत विचारणार नाही.'

पुण्याची नोकरी? खालिदभाईंना आज, या घटकेला कळत होतं. आणि तेही कधी, तर बापाने नकार दिला असं लेकीने धरून चालल्यावर.

उत्तर सोपं होतं. 'बरं' एवढं लिहिलं की झालं. कडक बापाला भिवंडीत मान आहे, लोक उलट नाव काढतात. पोर घरात राहील, गुपित पोटात राहील. त्यांनी 'बरं' लिहिलंसुद्धा. मग बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले, आणि तो पुसून उठले.

हफसा खुर्चीत पाय घेऊन बसली होती. समोर केदार आणि अदिती अजून लाइनवर होते.

"हफसा, मला ऐकू येत नाय गो."

आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज कुठला? केदारने ऐकलं, अदितीने ऐकलं, स्वयंपाकघरात खुर्शीदने ऐकलं, आणि शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकलं.

हफसाने हेडफोन काढला. "कधीपासून?"

"काय?"

ती वळून समोर आली. "कधीपासून, अब्बा?"

"वरीस झालं. जास्तच. तू नोकरीचं विचारलंस, ते आत्ता वाचलं मी. आत्ता."

तिने तोंडावर हात घेतला आणि हातामागून काहीतरी बोलली. खालिदभाईंनी तो हात हळूच खाली केला. "हात काढ. मला दिसत नाय मग."

दारात खुर्शीद उलथनं घेऊन उभी होती. "मला वाटलं तुम्हाला माझा कंटाळा आला," ती म्हणाली. एरवी हिच्या तोंडाला लगाम नाही, पण त्या दिवशी एवढंच बोलली. खालिदभाईंना ते पहिल्या झटक्यात कळलं आणि त्यांनी नजर खाली घातली.

हफसाने डोळे पुसले. "जाऊ मी पुण्याला?"

"राहशील कुठं?"

"खोली बघून ठेवलीय."

"मला विचारायच्या आधी?"

मग जुंपली. बाप म्हणाला, एकटी पोर परक्या शहरात कशी राहणार. लेक म्हणाली, तुम्हाला कान नाहीत ते वर्षभर लपवता आणि मला शहाणपण शिकवता. शेवटचं ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. खालिदभाईंनी खांद्याला धरून तिला फिरवलं. "काय म्हणालीस? समोर बोल."

तिने ते अख्खं पुन्हा सांगितलं, एक शब्द न गाळता, तितक्याच रागाने. "आणि नाही म्हणालात तरी जाणार!"

"जा मग," खालिदभाई म्हणाले. "पण खोली आधी मी बघणार."