बारा इंची सबवूफर आणि खालचे काका

आमच्या हॉलमधल्या होम थिएटरचा जुना सबवूफर म्हणजे टीव्हीच्या टेबलाखाली मावणारं एक छोटं खोकं होतं. पडद्यावर डोंगर कोसळो नाहीतर हत्तींचा कळप धावो, त्यातून आवाज यायचा तो गच्चीवर कुणी गादी झोडपत असल्यासारखा. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून शनिवार-रविवारी संध्याकाळी मी आणि बायको घरीच एखादा चित्रपट लावायचो. तेवढीच आमची चैन. आणि दर वेळी मधेच मी म्हणायचो, "ह्याला खर्जच नाही गं."

"नवा मिळणार नाही," ती म्हणायची. "वॉशिंग मशीनचा नंबर आधी आहे."

म्हणून मी जुन्याच्या शोधाला लागलो. वाळूजच्या कंपनीत माझं काम माल तपासायचं. वस्तू जुनी म्हणून ती वाईट असं मला कधी वाटत नाही. शोधता शोधता दौलताबादच्या एका हॉटेलवाल्याची माहिती मिळाली. त्यानं पर्यटकांना किल्ल्याची फिल्म दाखवण्यासाठी मागच्या बाजूला एक खोली सजवली होती. ती चालली नाही. आता तिथं पेरूचे क्रेट ठेवलेले होते आणि त्यांच्यामागे एक मोठा काळा ठोकळा धूळ खात होता. बारा इंची सबवूफर, आतच अ‍ॅम्प्लिफायर. जाळी काढून पाहिलं तर स्पीकरच्या कडेचा फोम पार विरला होता; बोट लावलं की भुगा पडत होता. माणूस म्हणाला, "फुटलेलाय साहेब, द्या काय द्यायचं ते." त्याला वाटलं मी फसलो आणि मला वाटलं तो. रिक्षात मावेना म्हणून मी अर्धा बाहेर बसलो.

सिटी चौकाच्या मागच्या गल्लीत एक उस्ताद आहेत. पांढरी दाढी, नाकाच्या टोकाला चष्मा आणि दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाइकानं रस्त्यातच उभं राहायचं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी स्पीकरचा कागद अलगद आत दाबला आणि कान जवळ नेला. दोनदा, तीनदा. कुठं घासल्याचा आवाज येत नव्हता.

"कॉइल सलामत है," ते म्हणाले. "सिर्फ किनारा गल्या. इसको फेकना नक्को, साब. इसमें लई जान है."

तीन दिवसांनी त्यांनी नवी कड चिकटवून दिली आणि बजावलं, "आहिस्ता बजाव. ये घर का बच्चा नहीं, पहलवान है."

मी ते ऐकलं नाही. घरी आणून तो पहिलवान हॉलच्या बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात, थेट फरशीवर उभा केला, कारण वायर तिथवरच पोचत होती. बटण अर्ध्याच्या पुढं फिरवलं. त्या शनिवारी पडद्यावर घोडदळ आलं तेव्हा माझ्या पायाखालची फरशी हलली. मी बायकोकडं विजयी नजरेनं पाहिलं. ती म्हणाली, "भांडी वाजतायत." मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

आता खालच्यांबद्दल सांगायला हवं. पुंडलिकनगरात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बरोबर खाली काका-काकू. ना ते नात्यातले, ना गावचे. पण बारा वर्षांत मुलीच्या तापापासून गॅस संपण्यापर्यंत कशालाही आम्ही त्यांचंच दार वाजवत आलो. काका मूळचे कन्नड तालुक्यातले. उभी नोकरी साखर कारखान्यांमधून फिटर म्हणून झाली. यंत्रांशेजारी तीस वर्षं काढल्यानं कान जवळजवळ गेलेले. यंत्राचं दुखणं ते कानानं नाही, तळहातानं ऐकतात. सोसायटीची पाण्याची मोटर बिघडली की तिच्यावर हात ठेवून म्हणतात, "बेअरिंग गेलंय," आणि ते गेलेलंच असतं.

सबवूफर आल्यावर तिसरा रविवार. संध्याकाळचे साडेसात. चित्रपट रंगात आला होता आणि दार वाजलं. काकू. पदर अस्ताव्यस्त, ओठ कोरडे.

"जरा खाली या. ह्यांच्या छातीत धडधडायलंय. लई घाबरलेत."

रिमोटनं सगळं बंद करून मी चपला न घालता खाली धावलो. काका आतल्या खोलीत भिंतीला लागून पलंगावर बसले होते. कपाळावर घाम. मी विचारलं तसं म्हणाले, "आत्ता जरा थांबल्यागत वाटतंय. पन मघाशी निसतं इंजिन चाललं होतं बघ आतमधी."

मी गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत काकू मागच्या सीटवर त्यांचा हात धरून बसल्या होत्या. ईसीजी झाला, रक्त घेतलं, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. काकांना ऐकू यावं म्हणून खाली वाकून मोठ्यानं विचारत होत्या.

"कधी होतं असं, आजोबा?"

"सांजच्याला. पाठ टेकली की."

"रोज?"

"रोज नाय. शनवारी-रयवारीच."

डॉक्टरबाईंनी भुवया उंचावल्या. "आणि कधीपासून?"

"तीन हप्ते झाले असत्याल."

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तीन आठवडे. शनिवार-रविवार. संध्याकाळी. माझ्या मनात आमचा हॉल आणि काकांची खोली एकावर एक बसली. कोपऱ्यातला तो काळा ठोकळा आणि त्याच्या बरोबर खाली, त्याच भिंतीला, काकांची उशी. ज्या माणसाला आवाज ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत नुसता हादरा पोचत होता, पलंगाच्या लाकडातून सरळ बरगड्यांत.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. भीती होती आणि लाज तर त्याहून जास्त. शिवाय नक्की माहीत कुठं होतं? डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजची रात्र ठेवून घेऊ. सकाळी दहाला मोठे डॉक्टर येतील, मग अँजिओग्राफीचं ठरवू." काकूंनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. "सकाळी येताना ह्यांचा चष्मा आन् स्वेटर आणा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, काहीतरीच काय. पण ती म्हणाली, "सकाळी खात्री करू. चष्मा आणायला खाली जायचंच आहे."

सकाळी सात वाजता ती काकांच्या पलंगावर जाऊन निजली, पाठ टेकून, फोन हातात धरून. मी वर तोच चित्रपट तिथूनच लावला जिथं काकूंनी दार वाजवलं होतं. बटण होतं तिथंच. फोन चालू होता. पडद्यावर गडगडाट सुरू झाला. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"अहो, बंद करा. माझ्याच छातीत होतंय."

मी खाली गेलो आणि स्वतः झोपून पाहिलं. वर जाऊन बटण तिनं दाबलं. खोलीत आवाज म्हणावा असा काही नव्हताच. दूर कुठं पाण्याची मोटर चालू असावी एवढीच गुरगुर. पण छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी मुठीनं आतून ठोकत होतं. मला माहीत असूनही माझा हात आपोआप काळजावर गेला. काकूंना ती गुरगुर ऐकू येत होती, हे नंतर कळलं. आमच्याकडं नळाला पाणी यायचं म्हणजे सगळ्या गल्लीत मोटरी लागतात. त्यांना वाटायचं, आज कुणाकडं पाणी आलंय.

नऊच्या आत आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरबाईंची ड्यूटी संपत आली होती. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, कोपऱ्यासकट, पलंगासकट. त्यांनी चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला आणि मग कागदांचा गठ्ठा तोंडासमोर धरून हसू दाबलं. पण लगेच सावरून म्हणाल्या, "तरी मी एवढ्यावर सोडणार नाही. मोठे डॉक्टर रिपोर्ट बघतील."

मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले, काकांना पुन्हा तपासलं, माझी हकिगत दोनदा ऐकली. म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. अँजिओग्राफीची आत्ता काही गरज दिसत नाही. आठवडाभर ते यंत्र बंद ठेवा. तरीही धडधडलं तर लगेच या." मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. बायको शेजारी येऊन बसली. तिनं पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली.

काकांना सांगायचं मात्र मलाच होतं आणि तेही ओरडून, कारण हळू सांगितलेलं त्यांना कळत नाही. पूर्ण वॉर्डनं ऐकलं. "काका, तुमचं काळीज ठणठणीत आहे! ती धडधड माझ्या स्पीकरची होती! चूक माझी आहे!"

काकांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग छातीवर हात ठेवला. "म्हंजी मला काई झालेलं नाय?"

"नाही."

"व्हय का!" ते हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही हसत होता.

काकू हसल्या नाहीत. स्वेटरची घडी करत त्या एवढंच म्हणाल्या, "रातभर देवाला हात जोडत बसले मी." त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की बायकोची चौकशी करायच्या आणि माझ्या अंगावरून पुढं जायच्या. बरोबरच होतं ते. मी रोज जाऊन विचारायचो, काल काही झालं का. काका मान हलवायचे: नाय. तो आठवडा मला फार जड गेला. आठव्या दिवशीही "नाय" आलं तेव्हा मी जिन्यातूनच बायकोला हाक मारून ते सांगितलं.

सबवूफर विकून टाकायचं मी ठरवलं होतं. काकांनीच अडवलं. "यंत्राचा काय गुन्हा? बसवणाऱ्याचा हाय. चल, बघू दे मला."

वर येऊन त्यांनी मला ते चालू करायला लावलं, हळू, आणि फरशीवर दोन्ही तळहात टेकून बसले. मग भिंतीवर हात ठेवला. "कोपऱ्यात ठेवलंस म्हनून निसतं घुमतंय. अन् पायाच नाय ह्याला. कारखान्यात पंप असा ठेवला असता तर सायबानं मलाच खाली गाडलं असतं."

पुढचा रविवार आम्ही त्यातच घालवला. काकांच्या सांगण्यावरून मी सबवूफर उचलून सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला आणि तो चालू करून हॉलभर गुडघ्यांवर रांगलो, भिंतीच्या कडेकडेनं, कान फरशीजवळ नेऊन. जिथं खर्ज साफ आणि सारखा लागेल ती त्याची जागा. बायको हसून हसून दारात बसली. जागा सापडली ती आतल्या भिंतीशी, जिच्याखाली काकांच्या घराचा जिन्याकडचा बोळ येतो. तिथं झोपत कुणी नाही. कंपनीच्या भंगारातून, साहेबांना विचारून, मी रबरी पट्ट्याचे तुकडे आणले. खाली ते, त्यावर ओट्याचा उरलेला कडप्पा, त्यावर पुन्हा रबर आणि मग सबवूफर. लांब वायर तेवढी विकत घ्यावी लागली. आवाजाचं बटण पाव भागावर आणलं.

निकाल काकूंनी द्यायचा होता. त्या काकांच्या पलंगावर निजल्या, बायको त्यांच्याजवळ थांबली आणि मी वर तोच गडगडाट लावला. खिडकीतून बायकोनं हाक मारली, "काकू म्हणतायत, कधी सुरू करणार?"

"चालूच आहे!" मी ओरडलो.

आणि वर तो आवाज पहिल्यांदा नीट लागला होता. कोपऱ्यातल्या घुमण्यात जे गाडलं गेलं होतं ते सुटं सुटं झालं. मेघ वेगळा, घोड्यांच्या टापा वेगळ्या. काका सोफ्यावर हाताच्या पंजाखाली उशी दाबून बसले होते. "आत्ता कसं," ते म्हणाले.

मग खाली काकूंच्या हातचा चहा पिताना काकांनी जे सांगितलं ते काकूंनाही नवं होतं. धडधडीच्या दुसऱ्या आठवड्यात, आपलं काही खरं नाही असं वाटून, ते एकटेच एसटीनं गावी जाऊन आले होते. काकूंना सांगितलं होतं, पेन्शनच्या कामाला जातो. धाकट्या भावाशी बांधावरून बिनसलं होतं, आठ वर्षं बोलणं बंद. "म्हनलं, अबोल्यात मरायला नको. गेलो, वसरीवर बसलो. त्यो म्हनला, कामून आला? म्हनलं, काई नाय, पानी दे." मग दोघं दिवसभर आल्याच्या वाफ्यातून हिंडले आणि निघताना काकांनी त्याला छातीतल्या धडधडीचं सांगितलं.

"त्याला सांगितलं का आता, काही झालेलं नाही म्हणून?" बायकोनं विचारलं.

"कसाला सांगू? रोज सकाळी मोबाइलवर लिहून धाडायलाय, तब्येत कशीय म्हनून. दोन महिने जाऊ दे की."

काकूंनी कपबश्या गोळा केल्या. माझ्या हातातला कप घेताना म्हणाल्या, "साखर कमी झाली होती का हो तुमच्या चहात?" दोन आठवड्यांत त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. साखर बरोबर होती. मी म्हणालो, "अजून थोडी चालली असती."