सुमनच्या मायचा आवाज

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात पोषण आहाराच्या खिचडीची चव घेत उभी होते. चव घेऊन वहीत सही करायची पाळी त्या दिवशी माझी होती. फोनवर तिची भाची रूपा होती. "मावशी गेली… सकाळीच. तुमाले सांगाचं होतं." मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला, वहीत 'मीठ कमी' असं लिहून सही केली आणि पोरांना रांगेत बसवलं. रडू आलं ते थेट घरी, कुलूप उघडताना. आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, तिच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, लोक तिच्याविषयी भरभरून बोलले. मलाही दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला. एरवी न सांगता तासभर बोलणारी मी, तिथे मान हलवून खाली बसून राहिले. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आज लिहून टाकते.

सुमन मेश्राम आमगावजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली ते १९९९ साल. मी मराठीची, तिच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि शाळेत सगळे मला जरा दबूनच असत. ही बाई पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात डोकावून म्हणाली, "ताई, भाजीत एवढं तेल काऊन घालता?" राग यायला हवा होता, पण हसू आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही समोरासमोर बसून जेवायला लागलो. तिला प्रत्येक गोष्ट उघडून बघायची खोड होती. शाळेची विजेची घंटा, मुख्याध्यापकांचं घड्याळ, प्रयोगशाळेतला बंद पडलेला पंखा, काही म्हणून तिच्या हातून सुटत नसे. त्याच वर्षी तिच्या भावाने नागपूरहून तिला एक वॉकमन आणून दिला. ऐकायचा तर होताच, पण त्याला लाल बटण होतं, आवाज भरूनही घेता यायचा. दुसरं कोणी असतं तर आधी सिनेमाची गाणी ऐकली असती. सुमनने घरी नेऊन आधी तो उघडला.

तिची माय दवनीवाड्याला राहायची आणि रोवणीच्या दिवसांत लोकांच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या शेतांत, मजुरीने जायची. गुडघाभर चिखलात वाकून भाताची रोपं लावताना ती गाणी सांगायची आणि मागे बायांची रांग ती झेलायची. सुमनला ती गाणी हवी होती. कागदावर उतरवून भागत नाही, म्हणायची, मायचा श्वास कुठे तुटतो तेही आलं पाहिजे. मग सुट्टी लागली की ही बांधावर. छोटा माईक मायच्या पदराला पिनेने लावायची आणि हातात वॉकमन धरून तिच्या मागे मागे चिखलातून चालायची. एकदा मीही गेले होते. माय वैतागून म्हणाली, "मी का मंत्री आहो का वं? हे काऊन लटकवून राहिली?" बाया हसून हसून बेजार झाल्या. पण सुमन या कामात कमालीची काटेकोर होती. कॅसेट साठ मिनिटांचीच घ्यायची, कारण नव्वदची फीत पातळ असते, ताणली की आवाज डुगडुगतो. दर वेळी भरण्याआधी शाळेतल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून आतलं हेड पुसायची. सेल उतरायला लागले की आवाजाचा वेग बिघडतो म्हणून नवे सेल पिशवीत असायचेच. अशा तीन पावसाळ्यांत अकरा कॅसेटी भरल्या. बाजारातल्या कॅसेटी मात्र तिला अजिबात आवडत नसत. "दबक्या आवाजात भरतात मेले," असं म्हणून नाक मुरडायची, आणि आम्ही तिची टर उडवायचो. चौथ्या पावसाळ्याआधीच माय गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी तिला गोंदियाच्या एका महाविद्यालयात घेऊन गेले. तिथे लोकगीतांचा संग्रह करायचं चाललं होतं, आणि या बाईकडे खजिना आहे असं मीच मोठ्या ऐटीत सांगून ठेवलं होतं. टेबलावर भलं मोठं मशीन, दोन बाजूंना स्पीकर, चार प्राध्यापक, चहा. पहिली कॅसेट लागली आणि माझं तोंडच उतरलं. गोधडीखालून कोणी बोलावं तसा आवाज. शब्द कळेनात, चाल ओळखू येईना. दुसरी लावली, तिसरी लावली, सगळ्यांचं तेच. एक सर सौजन्याने म्हणाले, "घरगुती आहे रेकॉर्डिंग… आपल्या कामाचं नाही." सुमनने पर्समधून वॉकमन काढला आणि हेडफोन त्यांच्यापुढे धरला. "सर, याच्यावर ऐका ना. याच्यावर साफ येते." कोणीतरी हसलं. सरांनी हेडफोन हातातसुद्धा घेतला नाही. आणि मी, जिने तिला तिथे नेलं होतं, जिला त्या चौघांसमोर आपली फजिती झाल्यासारखं वाटत होतं, ती मी म्हणाले, "अगं, एवढ्या मोठ्या मशीनवर जे येत नाही ते त्या डबीवर काय येणार? आवाज दबलेलाच आहे तुझा. सोड आता नाद."

तिने माझ्याकडे बघितलं. मग एकेक कॅसेट तिच्या तिच्या डबीत घातली आणि पिशवीत ठेवली. परतीच्या गाडीत तिने मला चिवडा दिला, दहावीच्या निकालाविषयी बोलली. त्या दिवसानंतर माझ्यासमोर तिने कॅसेटींचा विषय काढला नाही आणि नवीन एकही भरली नाही. मला वाटलं, पटलं तिला. खरं सांगते, मला सुटल्यासारखंही वाटलं. दहा वर्षं गेली. तिचं आजारपण निघालं, नागपूरच्या खेपा सुरू झाल्या, केस गेले, तरी शाळेत आली की माझ्या भाजीतलं तेल बघायची. शेवटची भेटले तेव्हा तिला बोलवत नव्हतं. माझा हात धरून पडून होती…

पुण्यानुमोदनाच्या दिवशी रूपाने मला एक पिशवी दिली. आत वॉकमन आणि त्या अकरा कॅसेटी. "मावशी म्हणे, ताईले देजो. आन् याच्यावरच आयका म्हणून सांगजो." घरी येऊन सेल घातले, हेडफोन लावला, बटण दाबलं. आधी फितीची बारीक सरसर, आणि मग माय. कानाशी उभी राहून गात असावी इतकी जवळ. चिखलातून पाय निघतानाचा आवाज, बांगड्या, रोपांची पेंडी पाण्यात आपटल्याचा आवाज, रांगेतल्या कोणाचा तरी खोकला, कडव्याच्या शेवटी मायचा तुटणारा श्वास. आणि मध्येच सुमन, पंचविशीतली, ठसठशीत: "माय, हळू चाल ना वं, वायर ताणून राहिली!" मी हेडफोन काढला आणि खूप वेळ रडत बसले. मग तीच कॅसेट आमच्या घरच्या टेपमध्ये घालून बघितली. तिथे पुन्हा गोधडी.

दुसऱ्या दिवशी वॉकमन घेऊन गोंदियाला एका जुन्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी झाकण उघडून भिंग लावलं आणि म्हणाले, "मॅडम, हेड तिरछा है. बाल बराबर." मग समजावून सांगितलं. फितीला टेकणारं हेड एका बारीक स्क्रूवर झुकतं. ते जेवढं तिरपं, तेवढाच तिरपा आवाज फितीवर उमटतो. तसंच तिरपं हेड असेल तर आवाज स्वच्छ, सरळ हेडवर लावला की बारीक सूर सगळे गळून पडतात. "जिस हेड ने भरा है, वही साफ सुनाएगा. बाजार की कॅसेट इस पे दबी आएगी." तेव्हा मला एकदम आठवलं. वॉकमन उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुमन मला कौतुकाने सांगत होती, "ताई, आत एक स्क्रू स्प्रिंगवर ढिलाच ठेवला होता त्यांनी. मी कसून टाकला."

मेकॅनिकने पेचकस उचलला. "सीधा कर दूँ? दो मिनट का काम है." मी त्यांचा हातच धरला. "नका, हात लावू नका त्याला!" ते थबकले, पुन्हा भिंगातून बघितलं आणि म्हणाले की तसाही तो फिरणार नाही, कोणीतरी त्यावर नेलपॉलिश लावून पक्का केलाय. "जिसने लगाया, उसको सब मालूम था." मी वाकून बघितलं. स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका होता, वाळून तडकलेला.

सुमनने उभ्या आयुष्यात नखं रंगवली नाहीत. एवढ्यासाठी तिने बाटली आणली असणार. स्क्रू सरळ केला असता तर बाजारच्या सगळ्या कॅसेटी छान वाजल्या असत्या आणि माय कायमची दबली असती, हे तिला कळलं होतं. आपली चूक तिने शोधली आणि मायसाठी ती तशीच राखली. एका वाक्यात ती त्या सरांचं आणि माझं तोंड बंद करू शकली असती. तिने ते वाक्य मला का ऐकवलं नाही, याचा मी रोज विचार करते, आणि रोज उत्तर माझ्याच दाराशी येऊन थांबतं. ऐकायला तयार असलेल्या माणसाला सांगतात. मी तर चहाचा कप हातात धरून निकाल देऊन मोकळी झाले होते.

आता रूपा आणि मी याच वॉकमनची वायर संगणकाला जोडून एकेक कॅसेट भरून घेतो आहोत. परवा हे काम करताना मी तिला विचारलं, एवढी वर्षं हे मशीन सुमनने कुठे जपून ठेवलं होतं, कपाटात की पेटीत? रूपा म्हणाली, "कपाटात नाही हो. पर्समधी. रोज शाळेत घेऊनच जाये ना ते…"