वन्संच्या खुराड्याची कडी

माझ्या नणंदेला आमच्या घरात खोली होती, पण त्या खोलीला दार नव्हतं. मधली खोली ती, बाथरूमला जायचं तर तिच्यातूनच. दाराच्या जागी एक पडदा होता आणि तो सारताना कुणी कधी "येऊ का?" असं विचारायचं नाही. मीही नाही. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच मी बादली घेऊन सरळ आत शिरले. वन्सं केस विंचरत होत्या, त्या मुकाट्यानं भिंतीकडे सरकल्या. पुढची बत्तीस वर्षं मी तशीच शिरत राहिले. आज त्याची लाज वाटते, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

वन्सं कामगारांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात होत्या. निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्यांनी पाच कोंबड्या आणल्या. कुणाला विचारलं नाही, की कुणाला सांगितलं नाही.

"कोंबड्या?" आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, परसात जाऊन ओरडले. "ताई, इथे मला गाडीसाठी कोबा करायचाय!"

"गाडी आली की बोल," वन्सं म्हणाल्या.

गाडी गेली सहा वर्षं येतच होती.

पहिलं खुराडं वन्संनी चार दिवसांत उभं केलं. चार खांब, वर पत्रा, भोवती दुकानदारानं "कोंबड्यांची" म्हणून दिलेली पातळ जाळी. इस्त्री केलेल्या शर्टासारखं नीटनेटकं दिसत होतं. बाराव्या दिवशी सकाळी पाहिलं तर दोन कोंबड्या गायब, पिसं परसभर आणि जाळीखाली हातभर रुंद बीळ. शेजारच्या फिटरचा कुत्रा, ज्याला सगळी गल्ली हवालदार म्हणते, कुंपणापलीकडे साळसूदपणे बसला होता. नाकावर आमच्या परसातली माती.

"झालं समाधान?" हे म्हणाले. "आता आणखी एक गेली की हे सगळं उपटून टाकणार. गवंड्याला सोमवारी यायला सांगतोय."

मला वाटलं, वन्सं नेहमीसारख्या मूग गिळून गप्प बसतील. पण त्या बिळाशी उकिडव्या बसल्या आणि ते किती खोल आहे ते वितीनं मोजलं.

"जन्मभर दुमड सोडल्याशिवाय कापडाला कात्री लावली नाही," त्या म्हणाल्या, "आणि इथे जाळी बरोब्बर जमिनीला टेकेल एवढीच कापली. वाटलं, जमीन म्हणजे काम संपलं. अक्कल गहाण टाकली होती मी."

उरलेल्या तीन कोंबड्या तोवर मधल्या खोलीत मुक्कामाला आल्या, म्हणजे बाथरूमच्या वाटेवर. हे खांद्यावर टॉवेल टाकून निघाले की काळी कोंबडी नेमकी त्यांच्या अंगठ्यावर चोच मारायची. वन्सं हसायच्या नाहीत. मला मात्र तोंडावर पदर घ्यावा लागायचा.

मग वन्संनी ती पातळ जाळी गुंडाळून दुकानदारापुढे ठेवली. "ही कोंबडीला आत ठेवते. मला कुत्र्याला बाहेर ठेवणारी द्या." तारेला तार घट्ट जोडलेली, करंगळीही जाणार नाही अशा भोकांची जाळी त्या घेऊन आल्या. या वेळी खाली दुमड सोडली. खांबापाशी जाळी बाहेरच्या बाजूला वाकवली, दीड हात जमिनीवर अंथरली, त्यावर विटा आणि विटांवर माती.

"कुत्रं भिंतीला नाक लावूनच उकरतं," त्या मला सांगत होत्या. "दोन पावलं मागे सरून उकरावं, हे त्याला सुचत नाही."

जाळीला जाळी जोडायला त्यांनी खिळे वापरले नाहीत. पकडीनं बारीक तार ओवत सगळे जोड अक्षरशः शिवून काढले. पत्र्याखालच्या फटीसुद्धा सोडल्या नाहीत. दाराला आतूनबाहेरून लागणारी अशी कडी केली, की आधी वर उचलायची, मग आपल्याकडे ओढायची आणि त्याच वेळी पायाशी असलेला आकडा सोडवायचा. जाळी धरून धरून माझ्या हातांवर ओरखडे उठले.

"वन्सं, कशाला एवढं? ह्यांनी मनावर घेतलंय," मी म्हटलं.

"घेऊ दे. मीही घेतलंय."

रविवारी कोंबड्या नव्या खुराड्यात गेल्या. ह्यांनी लांबूनच नाक मुरडलं. "आज ना उद्या तो कुत्रा घुसणारच."

"आज ना उद्या कशाला? आत्ताच बघू." वन्संनी कुंपणावरून फिटरला हाक मारली. "तुमचा हवालदार सोडा हो जरा!"

एक जरी कोंबडी गेली असती तर सोमवारी तिथे कोबा झाला असता. आणि वन्सं पुन्हा भिंतीकडे सरकल्या असत्या, या वेळी कायमच्या.

हवालदार आला तो थेट जाळीच्या बुडाशी. माती उडाली, विटा सरकल्या आणि नखं तारेवर करकरली. तो पुढे सरकला, पुन्हा उकरलं, पुन्हा तार. चारी बाजू झाल्या. मग त्यानं अंग झोकून दिलं. जाळी आत फुगली आणि परत सरळ झाली. कोंबड्यांनी आकाशपाताळ एक केलं. वन्सं हाताची घडी घालून उभ्या होत्या, पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अर्ध्या तासानं हवालदार जीभ काढून आडवा झाला, आणि फिटर ओशाळून त्याला पट्ट्याला धरून घेऊन गेला.

वन्सं पाण्याचं भांडं घेऊन खुराड्यात शिरल्या आणि आतून दार लावून घेतलं.

"कुठेतरी फट असणारच," म्हणत हे दाराशी गेले. कडी उचलली, ओढली, हिसडली, लाथही घातली. दार ढिम्म. माझ्याकडे पाहिलं. मला कडी येत होती. मी आभाळाकडे पाहिलं.

मग हे घसा खाकरून म्हणाले, "ताई, आत येऊ का?"

या घरात वन्संना कुणी हा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला.

वन्संनी मान वळवली नाही. "थांब. पाणी भरतेय."

हे थांबले.

"आणि उद्या गवंडी येतोय ना, त्याला परत पाठवू नकोस," आतून आवाज आला. "मधल्या खोलीला चौकट बसवायचीय. कडी मी बसवीन."